जुना अलार्म, चालू करार आणि ‘रीसेट केले’ एवढीच नोंद

प्रश्न : आमच्या घरातील बर्गलर अलार्म 14 वर्षांपूर्वी विकत घेऊन बसवलेला आहे. बसवणाऱ्या कंपनीशीच वार्षिक देखभाल करार असून त्याचे शेवटचे नूतनीकरण आठ महिन्यांपूर्वी झाले. गेले तीन महिने सायरन रात्री-अपरात्री विनाकारण वाजतो. तंत्रज्ञ चार वेळा येऊन पॅनेल (अलार्मची नियंत्रण पेटी) रीसेट करून गेला. आता कंपनी म्हणते, यंत्रणा कालबाह्य झाली आहे, नवी घ्या. पॅनेलचा इन्स्टॉलर कोड (तंत्रज्ञाला पॅनेलची अंतर्गत मांडणी उघडून देणारा संकेतांक) ती देत नाही आणि बाहेरच्या माणसाने हात लावल्यास करार रद्द होईल, असे बजावते. शेजारी पोलिसांत जाण्याच्या गोष्टी करत आहेत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण पाठवलेल्या चारही सेवापावत्या मी पाहिल्या. ‘तक्रार’ या रकान्यात ‘सायरन वाजतो’ आणि ‘केलेले काम’ या रकान्यात ‘रीसेट केले, चालू’ असे चारही वेळा लिहिलेले आहे. कोणत्या झोनवरून (म्हणजे घराच्या कोणत्या भागातील सेन्सरवरून) अलार्म आला, बॅटरीचे व्होल्टेज किती होते, कोणता सेन्सर तपासला, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मला या कोऱ्या जागेतच दिसतो.

यंत्रणा जुनी आहे हा कंपनीचा बचाव फारसा टिकणारा नाही, कारण आठ महिन्यांपूर्वी वर्षभराचे पैसे स्वीकारताना तिचे वय कंपनीला आपल्याइतकेच, किंबहुना अधिक ठाऊक होते. मात्र आपला करार सुट्या भागांसह आहे की केवळ मजुरीपुरता, हे आधी पाहा. तो मजुरीपुरता असेल तर नवी बॅटरी किंवा सेन्सर फुकट मागता येणार नाही, पण दोष शोधून काढण्याची जबाबदारी तरीही कंपनीचीच राहते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मधील सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत कामाच्या दर्जातील उणीव तर येतेच, शिवाय संबंधित माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवणेही येते.

दोष शोधणे म्हणजे काय, हे नोटिशीत नेमके लिहिता यावे म्हणून थोडा तांत्रिक भाग समजून घ्या. पॅनेलमधील 12 व्होल्टची सीलबंद बॅटरी साधारणपणे तीन ते पाच वर्षे टिकते. ती खंगलेली असेल तर वीज क्षणभर गेली तरी पॅनेलचा पुरवठा कोसळतो. आणि बाहेरच्या सायरनच्या पेटीत स्वतंत्र बॅटरी असल्यास, पॅनेलकडून येणारा पुरवठा तुटला असे समजून ती पेटी स्वतःहून किंचाळू लागते. दरवाजाची बिजागरी सैल होऊन मॅग्नेटिक सेन्सरच्या दोन भागांतील अंतर वाढणे, वायरिंगच्या जोडात गंज चढणे, हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर कोळी फिरणे, हीदेखील नेहमीची कारणे आहेत. यांतले कोणते खरे, ते बहुधा पॅनेलच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे पॅनेल स्वतः ठेवत असलेल्या घडामोडींच्या नोंदीत, तारीख, वेळ आणि झोन क्रमांकासह नोंदलेले असते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की हा लॉग हाती येईपर्यंत पॅनेल काढू देऊ नका आणि ‘फॅक्टरी रीसेट’ही करू देऊ नका. काही जुन्या पॅनेलमध्ये वीज आणि बॅटरी दोन्ही तोडल्यास नोंदी पुसल्या जातात. संतापाच्या भरात मुख्य स्विच आणि बॅटरीची वायर काढून टाकणारे अशील मला भेटलेले आहेत; त्यांचा पुरावाही गेला आणि वर सायरनही वाजतच राहिला. आपल्या वापरकर्ता कोडने लॉग दिसत असेल तर पडद्यावरील प्रत्येक नोंदीचे, वेळ दिसेल असे, छायाचित्र घ्या. ही छायाचित्रे पुढे दाखल करायची झाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागू शकते, तेव्हा मूळ फोन जपून ठेवा.

त्यानंतर पोचपावतीसह लेखी नोटीस द्या. लॉगची प्रत, झोननिहाय तपासणी आणि बॅटरीची चाचणी पंधरा दिवसांत मागा. कोणता भाग मिळत नाही आणि त्याला पर्यायी भाग का चालणार नाही, याचे लेखी कारणही मागा. कोड मागण्याचा आपला आधार हा, की पॅनेल आपल्या मालकीचे आहे. कंपनीला कोड द्यायचा नसेल, तर तिने आपल्यासमोर तो वापरून काम पूर्ण करावे, असा पर्याय नोटिशीतच ठेवा. बाहेरच्या माणसाबाबतची अट एरवी गैर नाही, परंतु स्वतः काम नाकारायचे आणि दुसऱ्यालाही करू द्यायचे नाही, अशा दुहेरी वापरासाठी ती नाही. मुदतीत काम झाले नाही तर भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 39 चा (एका पक्षाने काम नाकारल्यास दुसऱ्याला करार संपवता येतो) आधार घेऊन करार संपल्याचे कळवा आणि मग खुशाल दुसरा तंत्रज्ञ बोलवा; त्याच्याकडून मात्र सविस्तर लेखी अहवाल आणि बिल घ्या.

कंपनीने तरीही दाद दिली नाही, तर आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. कराराची रक्कम, दुसऱ्याकडून करून घ्यावी लागलेल्या दुरुस्तीचा खर्च, मनस्तापाची वाजवी भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढे मागा. 14 वर्षे वापरलेल्या यंत्रणेच्या बदल्यात कोरी यंत्रणा मागू नका. अशा मागणीने बाकीच्या रास्त मागण्याही संशयास्पद दिसू लागतात.

शेजाऱ्यांचा मुद्दा या भांडणापासून वेगळा ठेवा, कारण त्यांच्या दृष्टीने आवाज आपल्या घराचा आहे, कंपनीचा नव्हे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि दोष माहीत असूनही सायरन तसाच ठेवल्यास निष्काळजीपणाचा ठपका आपल्यावर येईल. कंपनीच्याच तंत्रज्ञाकडून फक्त बाहेरचा सायरन तात्पुरता खंडित करून घ्या आणि तसे सेवापावतीवर लिहून घ्या. त्याआधी घराची विमा पॉलिसी वाचा. तीत अलार्म चालू ठेवण्याची अट असेल, तर सायरन बंद करण्यापूर्वीच विमा कंपनीला ईमेलने कळवून तिचे उत्तर घ्या.