सांगलीच्या मंडईतली धिंगरी अळंबी रोज खाल्ली तर प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?

थोडी सजग होत असावी, पण 'वाढते' म्हणणं जरा जास्तच. अळंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन ही लांब साखळीची शर्करा असते. आपल्या शरीरात ती तयार होत नाही, त्यामुळे मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिला बुरशीची खूण समजतात. त्यांच्यावरचा डेक्टिन-१ हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन) तिला पकडतो, मग त्या पेशी सायटोकाइन ही निरोप देणारी प्रथिनं सोडून इतरांनाही जागं करतात. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे: अमेरिकेत ५२ निरोगी प्रौढांनी ४ आठवडे रोज ५ किंवा १० ग्रॅम सुकी शिताके ही दुसऱ्या जातीची अळंबी खाल्ली, तेव्हा काही टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वाढल्या. पण ती शिताके, धिंगरी नव्हे. जपानमध्ये कर्करोगात केमोबरोबर देत असत ते लेंटिनान, म्हणजे शिताकेतून काढलेलं बीटा-ग्लुकन, तर इंजेक्शन. भाजीशी त्याची तुलनाच नको.

खायचीच तर नीट शिजवा, कच्ची अळंबी पेशीभित्तिकेतल्या कायटिन या चिवट पदार्थामुळे पचायला जड. सुटलेलं पाणी ओतू नका, थोडं बीटा-ग्लुकन त्यातही उतरतं, रश्श्यात जिरवा. माळावरची अनोळखी भूछत्रं मात्र नकोच.

किडनी बदललेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांनी अळंबीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.