तू शेवटी बोल

चि. डॉक्टर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू डिस्चार्ज लिहिलास आणि सिस्टर नातेवाइकांसमोरच म्हणाल्या, ‘आजोबांना संडासापर्यंत चालवत नाही, आज घरी नको.’ फिजिओनेही मान डोलावली. तुला ते लागलं. आता तू विचारतोस, सगळ्यांचं ऐकत बसलो तर निर्णय कोणी घ्यायचा?

निर्णय तूच घ्यायचास, केसपेपरवर सही तुझीच आहे. पण सिस्टरांना नातेवाइकांसमोर का बोलावं लागलं? कारण त्याआधी तू त्यांना विचारलंच नव्हतंस. राउंडला इतरांना आधी बोलू दे. तू शेवटी बोल.

मी हे फार महागात शिकलो. नवा फिजिशियन होतो तेव्हा अर्धांगवायूचे एक पेशंट होते. चौथा दिवस, शुद्ध चांगली, जीभ थोडी जड. खाटेशी पोचताच मी म्हणालो, ‘छान! नाकातली जेवणाची नळी काढा, तोंडाने सुरू करा.’ सिस्टर काहीतरी सांगायच्या बेतात होत्या, तोवर मी पुढच्या खाटेकडे वळलो होतो. रात्री त्यांनी चमच्याने पाणी पाजून पाहिलं होतं. ठसका लागला होता, आवाज घोगरा, ओला झाला होता. नाइट रिपोर्टमध्ये तसं लिहिलेलंही होतं, पण मी तो कधी उघडत नसे. दुपारी मुलीने बापाला मऊ भात भरवला. घास श्वासनलिकेत गेला होता. दोन दिवसांनी ताप आला, छाती घरघरू लागली. नवव्या दिवशी ते गेले. जाताना मुलगी मला नमस्कार करून गेली. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या.

गिळणं तपासायला काही मिनिटं पुरतात. आज पक्षाघातात ते तपासल्याशिवाय तोंडाने काही देऊच नये असा नियम आहे.

त्या सिस्टर ठामपणे का बोलल्या नाहीत, असं म्हणू नकोस. तेव्हा मीही हेच म्हटलं होतं, त्याची मला आजही लाज वाटते. वरिष्ठाने मत दिल्यावर कोणी वेगळं बोललं की तो विरोध ठरतो. तेच वाक्य त्याआधी आलं तर ती नुसती माहिती असते. क्रम तुझ्या हातात आहे, त्यांच्या नाही. म्हणून सांगतो, तू शेवटी बोल.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट बघ. मुद्दे अवघे १९. छेद घेण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातलाच एक. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. यादीत वेळेवर अँटिबायोटिक देणं वगैरेही आहे, सगळं श्रेय मी नावं सांगण्याला देत नाही. पण एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा उघडायला कचरत नाही, हे मी वॉर्डात पाहिलंय.

आणि ‘काही आहे का?’ असं विचारू नकोस. त्याला ‘नाही सर’ हेच उत्तर येतं. रात्री काय पाहिलंत, कशाची काळजी वाटते, असं विचार. फार्मासिस्टला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्ततपास, दाखवून डोस विचार. ताट कोणाचं भरलेलं परत गेलं, हे मावशींना विचार. मतं जुळली नाहीत तर निर्णय दे आणि तो का दिलास ते सगळ्यांसमोर सांग. ज्याचं ऐकलं नाहीस त्याला कारण कळलंच पाहिजे.

वेळ नाही, असं तू म्हणशीलच. चाळीस खाटा आणि बाहेर ओपीडीची रांग मलाही होती. सहकारी म्हणायचे, वॉर्डात ग्रामसभा भरवतोस. खाटेमागे एखादं मिनिट जास्त जायचं. मी ते शेवटपर्यंत दिलं, त्यावरून भांडणंही झाली आणि त्यांचा मला पश्चात्ताप नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एकदा घाईत मीच आधी बोललो, तेव्हा नवी सिस्टर म्हणाली, ‘सर, आधी आम्ही.’ इतका आनंद मला कुठल्या सत्कारात झाला नाही.

आजोबा अजून वॉर्डातच असतील. उद्या सकाळी त्याच सिस्टरांना विचार, यांच्या घरी जिना आहे का, संडास कुठे आहे, रात्री उठवायला कोण असतं. त्यांना ठाऊक असेल. मग काय ठरलं ते मला कळव.

तुझा,
सर