वन आणि पर्यावरणाची पदवी: प्रवेशाआधी काय तपासायचं?

प्रश्न: मुलीने बारावी बी गटातून केली आहे. जंगलातच काम करायचं म्हणते. बी.एस्सी. फॉरेस्ट्री, बी.एस्सी. एन्व्हायर्नमेंटल सायन्स आणि साधं बी.एस्सी. बॉटनी यांतलं काय निवडावं?

उत्तर: नावं जवळची वाटली तरी ही तीन वेगळी शिक्षणं आहेत. फॉरेस्ट्री ही कृषी विद्यापीठांची चार वर्षांची पदवी. महाराष्ट्रात दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांची त्यासाठी स्वतंत्र महाविद्यालयं आहेत. प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो, आणि आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) वाट्याच्या जागा सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून भरतात. रोपवाटिका, वृक्षमापन, लाकूडशास्त्र, मृदा आणि पाणलोट, कृषिवानिकी, वनकायदे असे विषय असतात आणि शेवटच्या वर्षाचा बराच काळ प्रत्यक्ष कामात जातो.

एन्व्हायर्नमेंटल सायन्सबद्दल पालकांचा हमखास गैरसमज होतो. पर्यावरण म्हणजे जंगल असं धरून प्रवेश घेतला जातो आणि मूल तीन वर्षं पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), हवेतले कण, सांडपाणी प्रक्रिया शिकतं. शिक्षण चांगलंच आहे, पण त्याचा रोजगार कारखान्यांच्या पर्यावरण विभागात, प्रयोगशाळांत आणि सल्लागार संस्थांत आहे.

मुलीचं मन पक्कं असेल तर फॉरेस्ट्री घ्या. थोडी जरी शंका असेल तर जवळच्या चांगल्या महाविद्यालयात बॉटनी किंवा झूलॉजी घ्यावं. खर्च कमी, पुढच्या वाटा जास्त. वन्यजीव हा विषय फॉरेस्ट्रीतही मोजक्याच पेपरांपुरता असतो. त्यात खोल जायचं तर पदव्युत्तर पातळीवर जावं लागतं, उदाहरणार्थ डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत.

प्रश्न: एका खासगी संस्थेत ‘नैसर्गिक साधनसंपत्ती संवर्धन’ अशी पदवी सुरू झाली आहे. फी बरीच आहे, माहितीपत्रक देखणं आहे. अभ्यासक्रम खरंच कसदार आहे हे बाहेरून कसं ओळखायचं?

उत्तर: आधी कागद. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का, हे स्वतः पाहा. कृषी किंवा वनशाखेची पदवी असेल तर आयसीएआरची अधिस्वीकृती कोणत्या तारखेपर्यंत आहे ते विचारा. ‘अर्ज केला आहे’ याचा अर्थ आज ती नाही. अधिस्वीकृती नसेल तर पुढे आयसीएआरच्या पदव्युत्तर प्रवेशात अडचण येऊ शकते.

मग श्रेयांकांचा तक्ता मागा. कृषी विद्यापीठांत विषयापुढे ३ (२+१) असं लिहिलेलं असतं: आठवड्याला दोन तास वर्ग आणि एक श्रेयांक प्रात्यक्षिकाचा, म्हणजे दोन तासांचं काम. सगळ्या विषयांतले हे अधिकनंतरचे आकडे जोडा. वृक्षमापन, मृदा, जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) यांसारख्या विषयांपुढे जर (३+०) असेल, तर तिथे हे विषय फळ्यावरच शिकवले जातात.

प्रात्यक्षिकं कुठे होतात, हा पुढचा प्रश्न. स्वतःची रोपवाटिका आहे का? वर्षानुवर्षं मोजलेला जंगलाचा एखादा तुकडा आहे का? वनविभागाशी लेखी करार आहे का? व्याघ्र प्रकल्पात जिप्सीतून मारलेल्या फेरीला क्षेत्रकार्य म्हणत नाहीत.

सगळ्यात खरी परीक्षा मात्र आवारातल्या झाडापाशी होते. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला टेप देऊन उताराजवळच्या झाडाचा घेर मोजायला सांगा. त्याने जमिनीपासून १.३७ मीटर उंची धरली पाहिजे. उतारावर ती वरच्या बाजूने धरायची. खोडावर वेल असेल तर तो बाजूला करून टेप खालून घ्यायचा, तो खोडाच्या अक्षाला काटकोनात आणि ताणलेला असला पाहिजे. १.३७ मीटरच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही फांटे वेगळे मोजायचे. घेर १५७ सेंटिमीटर आला तर व्यास ५० हे त्याला चटकन सांगता यावं. एवढी काटेकोरी कशाला, तर व्यासात दहा टक्के चूक झाली की खोडाच्या छेदाच्या क्षेत्रफळात ती एकवीस टक्के होते, आणि लाकडाचा, कार्बनचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो. जिथे तिसऱ्या वर्षाचा मुलगा टेप नुसता छातीशी गुंडाळतो, तिथे मोजमाप शिकवलेलं नाही.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवर जाऊ नका. गेल्या तुकडीतली मुलं कोणत्या पदावर आहेत ते विचारा. पद सांगता येत नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

प्रश्न: माझं एन्व्हायर्नमेंटल सायन्सचं पदवीचं शेवटचं वर्ष आहे. भारतीय वनसेवेची परीक्षा देता येईल ना?

उत्तर: गुणपत्रिका पाहून ठरवावं लागेल, आणि ती आजच पाहा. यूपीएससीची अट अशी आहे: पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय हवा, किंवा पदवी कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची हवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. तुमच्या पदवीत त्याच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र हा स्वतंत्र विषय असेल तर मार्ग मोकळा आहे. ‘पर्यावरणीय रसायन’ नावाचा एखादा पेपर म्हणजे रसायनशास्त्र हा विषय नव्हे, त्यावर विसंबू नका. नव्या शैक्षणिक धोरणाखाली मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) निवडणाऱ्या मुलांनी यादीतला विषय पहिल्याच वर्षी धरून ठेवावा. नंतर दुरुस्ती अवघड जाते.

वैकल्पिक विषयांतही पर्यावरणशास्त्र नाही. मुख्य परीक्षेत इंग्रजी आणि सामान्य ज्ञान प्रत्येकी ३०० गुणांचे, दोन वैकल्पिक विषयांचे प्रत्येकी २०० गुणांचे दोन-दोन पेपर, म्हणजे एकूण १४०० आणि मुलाखत ३००. वनशास्त्र आणि कृषी ही जोडी एकत्र घेता येत नाही. वनशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र घेता येतं. पूर्वपरीक्षा नागरी सेवांचीच असते आणि २०२२ ते २०२५ या वर्षांत जागा दीडशेच्या आसपास होत्या. शारीरिक चाचणीत चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १४ किलोमीटर चालावं लागतं. सराव असेल तर ती जड नाही.

एमपीएससीच्या वनसेवेसाठी, म्हणजे सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांसाठी, विषयांची यादी वेगळी छापलेली असते. त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना.

प्रश्न: सरकारी नोकरी मिळाली नाही तर या पदवीचा उपयोग काय?

उत्तर: उपयोग आहे, पण पदवीच्या कागदाचा कमी आणि हातातल्या कामाचा जास्त. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल हे तपासण्याच्या कामात जैवविविधतेची पाहणी करणारी माणसं लागतात. पाणलोटाच्या संस्थांना समपातळी रेषा आखता येणारी मुलं हवी असतात. सलग समतल चर, म्हणजे पाणी जिरवण्यासाठी उतारावर एकाच पातळीत खणलेला लांब खड्डा, पातळीतून थोडा जरी ढळला, तर पाणी जिरायच्या ऐवजी खालच्या टोकाला धावतं आणि पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो. जीआयएस तर सगळीकडेच मागतात. त्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कॉलेजने शिकवलं नाही म्हणून थांबू नका.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते गडचिरोलीसारख्या भागातलं काम. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरण्याचे आणि सांभाळण्याचे हक्क मिळाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला ते २००९ मध्ये मिळाले. अशा ग्रामसभांना आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. कुठल्या भागात नमुना प्लॉट (मोजणीसाठी आखलेले छोटे तुकडे) टाकायचे, बांबूच्या बेटातून किती काठ्या काढायच्या, हे गावाच्या जोडीने बसून ठरवणारा माणूस तिथे हवा असतो. चालू आणि गेल्या वर्षाची काठी तोडायची नसते, कारण पुढचे कोंब मुख्यतः त्यांच्याच कंदातून येतात. गावकऱ्यांना हे ठाऊक असतं. ते आराखड्यात, नकाशावर आणि आकड्यांत मांडायला शिकलेला हात लागतो, आणि असे हात आज फार थोडे आहेत.

या सगळ्या कामांत झाड ओळखता येणं ही पहिली अट. फुलांवरून नव्हे, एप्रिलमध्ये निष्पर्ण असताना सालीवरून: ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, धावड्याची पांढुरकी गुळगुळीत, सालईची कागदासारखी सुटणारी. शिकत असतानाच आपल्या परिसरातली शंभर झाडं अशी पक्की करा.

प्रश्न: मुलाला अमेरिकेत नॅचरल रिसोर्सेस कन्झर्वेशनची पदवी घ्यायची आहे. काय पाहावं?

उत्तर: वनाधिकाऱ्याच्या कामाकडे जायचं असेल तर त्या अभ्यासक्रमाला सोसायटी ऑफ अमेरिकन फॉरेस्टर्सची मान्यता आहे का ते पाहा. तिथल्या केंद्र सरकारच्या फॉरेस्टर पदासाठी पदवी वनशास्त्राची नसेल तर जीव-भौतिक-गणिती शास्त्रं वा अभियांत्रिकीचे किमान ३० सेमिस्टर तास (तिथले श्रेयांक) लागतात आणि त्यांतले २४ वनशास्त्राचे असावे लागतात. ‘कन्झर्वेशन’ नावाच्या अनेक पदव्यांत धोरण आणि समाजशास्त्राचा भाग मोठा असतो, तिथे हे २४ तास भरत नाहीत. शिवाय ही सरकारी पदं बहुतांशी अमेरिकन नागरिकांसाठीच असतात. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्याचा भर खासगी सल्लागार संस्था, विद्यापीठं आणि स्वयंसेवी संस्था यांवर राहतो. पदवीनंतर तिथे काम करण्याची मुदत १२ महिने असते. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. ते आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं पत्र) वरच्या सीआयपी क्रमांकावरून, म्हणजे अभ्यासक्रमाच्या सरकारी सांकेतिक क्रमांकावरून ठरतं, म्हणून प्रवेश पक्का करण्यापूर्वी विद्यापीठाकडून तो क्रमांक लेखी मागवून यादीशी ताडून घ्या.