जुने स्पीकर काढण्याआधी

भाऊ, नवे स्पीकर घ्यायची घाई करू नको. आधी पुढची जाळी काढ आणि कोनाच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पुढच्या गोल पडद्याच्या, कडेची रिंग बघ. रबराची किंवा कापडाची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. फोमची मात्र पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा उन्हाळा. बोट लावताच तुकडे पडले तर फक्त रिंग बदलून घे, स्पीकर फेकू नको.

मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हळूच, सारखा आत दाब. खरखर लागली तर कोनामागची कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, घासते आहे. वायरी सोडवून मल्टिमीटर (विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजायचं यंत्र) लाव. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो; काटा हललाच नाही तर कॉइल जळालेली किंवा आतली वायर तुटलेली. हो, डब्यात उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघ, कापूस घरात भरला की ते येतातच.

सगळं ठीक असूनही आवाज दबका येतो? मग स्पीकर जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीला ठेव, कोपऱ्यातून हातभर पुढे घे, लाल-काळी वायर दोन्हीकडे सारखी जोड. टिनाच्या खोलीत आवाज फार घुमतो. भिंतीला गोधडी टांगून ऐक. माझ्या मते निम्मा फरक इथेच पडतो.

एवढं करूनही गायकाचा आवाज मोकळा वाटला नाही, तर तूर विकल्यावर नवे घे. पण ते घरी आणून जुन्यांशेजारी तीच गाणी लावून ऐकायला मिळत असतील तरच.