बिलावर भलत्याच कंपनीचं नाव का?

प्रश्न : ॲपवरून किराणा मागवला. बिलावर मात्र कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव आहे. ही फसवणूक का? माल खराब निघाला तर कुणाला धरायचं?

उत्तर : फसवणूक नाही, कायद्यामुळे तशी रचना होते. परकीय गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला स्वतःचा साठा थेट ग्राहकाला विकता येत नाही; ती फक्त बाजारपेठ चालवू शकते. (भारतात तयार झालेले खाद्यपदार्थ सरकारी मंजुरी घेऊन विकता येतात.) म्हणून ॲप, डिलिव्हरी आणि पेमेंट एका कंपनीकडे, तर माल दुसऱ्या विक्रेता कंपनीच्या नावावर असतो. अनेकदा त्यामागे घाऊक पुरवठा करणारी तिसरी कंपनीही असते. खरी मेख इथेच आहे : फेब्रुवारी २०१९ पासून, विक्रेत्याची २५ टक्क्यांहून जास्त खरेदी ॲप-कंपनीकडून किंवा तिच्या गटाकडून असेल, तर तो साठा ॲपच्याच ताब्यातला मानतात. म्हणजे तो विकायला ॲपला मनाई असलेला साठा ठरतो.

बिल जपून ठेवा. त्यावर विक्रेत्याचा १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक आणि अन्नपदार्थांसाठी १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक हवा. तक्रार मात्र आधी ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच करा, पाकिटाच्या आणि बॅच क्रमांकाच्या फोटोसह. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक आहे. ‘विक्रेत्याशी बोला’ म्हणून टोलवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.