रोरी गॅलाहरचा कुठला अल्बम आधी ऐकू? वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी रोरी गॅलाहर या आयरिश ब्लूज-रॉक गिटारवाल्यावर जाता जाता चार ओळी लिहिल्या तर एवढे प्रश्न येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, त्यामुळे ज्यात काही सांगण्यासारखं आहे तेच घेतलेत. आणि एक आधीच सांगून टाकतो, आडनावातला मधला 'ग' आयरिश माणसं गिळतात, म्हणून गॅलाहर. बऱ्याच जणांनी गॅलॅघर लिहिलंय, हरकत नाही, मीही कॉलेजात तेच म्हणायचो.

'आयरिश टूर' हा लाइव्ह अल्बम अक्षरशः घासून ऐकलाय, पण मित्र म्हणतो स्टुडिओतला रोरी मिळमिळीत आहे, वेळ घालवू नकोस. खरंय का? (नाशिक)

अर्धं खरंय. म्हणजे जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कला जे रेकॉर्ड झालं त्याच्यापुढे कुठलाही स्टुडिओ अल्बम थोडा पडेलच, त्यात बेलफास्टला तेव्हा बॉम्बस्फोट चालू होते, बाहेरचे बँडवाले तिकडे फिरकत नव्हते आणि हा बाबा अल्स्टर हॉलमध्ये नेमाने जाऊन वाजवायचा, तर तिथल्या पब्लिकने ज्या जिवाच्या आकांताने दाद दिलीय ती स्टुडिओच्या चार भिंतीत कुठून आणणार. पण तुमच्या मित्राला एक विचारा, त्या लाइव्हमधली 'टॅटूड लेडी', 'क्रेडल रॉक', 'अ मिलियन माइल्स अवे' ही गाणी आली कुठून? तिन्ही 'टॅटू'मधली, १९७३ चा स्टुडिओ अल्बम. 'वॉक ऑन हॉट कोल्स' त्याच वर्षीच्या 'ब्लूप्रिंट'मधलं. लाइव्हमध्ये गिटारवाला रोरी दिसतो, गाणी लिहिणारा रोरी बघायचा तर स्टुडिओतच जावं लागतं.

'अ मिलियन माइल्स अवे' दोन्हीकडचं लागोपाठ ऐकून बघा. लाइव्ह नऊ मिनिटांच्या वर जातं, सोलो चढत चढत अंगावर येतो. स्टुडिओतलं आटोपशीर आहे, आणि त्यामुळेच गाण्यातला तो माणूस ऐकू येतो, भरलेल्या बारमध्ये एकटा बसलेला, बाहेर समुद्र, सगळे गप्पा मारतायत आणि हा मनाने कुठे तरी लांब. मला विचाराल तर हे गाणं म्हणून स्टुडिओतलं वरचढ आहे. (मित्राला माझं नाव सांगू नका.)

एकूण स्टुडिओ अल्बम नक्की किती? कुठे ११ वाचतो, कुठे १३, कुठे त्याहून जास्त. (पुणे)

हयातीत, स्वतःच्या नावावर ११. 'रोरी गॅलाहर' आणि 'ड्यूस' (दोन्ही १९७१), 'ब्लूप्रिंट' आणि 'टॅटू' (दोन्ही १९७३), 'अगेन्स्ट द ग्रेन' (१९७५), 'कॉलिंग कार्ड' (१९७६), 'फोटो-फिनिश' (१९७८), 'टॉप प्रायॉरिटी' (१९७९), 'जिंक्स' (१९८२), 'डिफेंडर' (१९८७), 'फ्रेश एव्हिडन्स' (१९९०). १३ म्हणणारे त्यात आधीच्या 'टेस्ट' या त्याच्या बँडचे दोन धरतात, १९६९ चा 'टेस्ट' आणि १९७० चा 'ऑन द बोर्ड्स'. तो गेल्यावर आलेले 'व्हील्स विदिन व्हील्स' (२००३) वगैरे धरले की आकडा अजून वाढतो. भांडायचं कारण नाही.

'ऑन द बोर्ड्स' मात्र सोडू नका. त्यात पठ्ठ्याने सॅक्सोफोनही वाजवलाय, आणि बऱ्यापैकी जॅझकडे झुकणारा.

बजेट थोडं आहे, एकच रेकॉर्ड घ्यायची तर कुठली? 'कॉलिंग कार्ड' घेऊ का? (कोल्हापूर)

सगळे 'कॉलिंग कार्ड' सांगतात आणि त्यात चूक काही नाही. डीप पर्पल या रॉक बँडचा तेव्हा माजी असलेला बेसवाला रॉजर ग्लोव्हर प्रोड्यूस करायला सोबत होता, म्युनिकला रेकॉर्डिंग झालं, आवाज भरदार आहे, 'मूनचाइल्ड'चा रिफ एकदा डोक्यात शिरला की दोन दिवस निघत नाही, आणि टायटल गाण्यात लू मार्टिनचा पियानो असा काही डुलत डुलत चालतो की हा रॉकवाल्याचा अल्बम आहे हे विसरायला होतं. नव्या माणसाला द्यायला हाच बरा.

पण मी स्वतः 'ड्यूस' घेईन. कारण सांगतो. पहिला सोलो अल्बम मे १९७१ मध्ये आला, तो जरा नीटनेटका आहे, इस्त्री केलेला. आणि जेमतेम सहा महिन्यांत 'ड्यूस'. लंडनच्या डाल्स्टन भागात टँजरीन नावाचा छोटा स्टुडिओ होता, तिथे हे तिघं, रोरी, बेसवर जेरी मॅकअ‍ॅव्हॉय आणि ड्रम्सवर विल्गर कॅम्पबेल, शोच्या आधी नाही तर शो संपवून त्याच गरम हातांनी जाऊन वाजवायचे. प्रोड्यूसर रोरी स्वतःच. त्यामुळे झालंय काय की आवाज जरा खरखरीत आहे, गाणं इकडेतिकडे सांडतं, पण तिघं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतायत हे कळतं. 'क्रेस्ट ऑफ अ वेव्ह'मधली स्लाइड (बोटात नळी घालून तारांवर सरकवत वाजवलेली गिटार) ऐका, शेवटचं गाणं आहे, आणि ती सुरावट संपूच नये असं वाटत असताना रेकॉर्ड संपते. मध्येच 'आय अ‍ॅम नॉट अवेक येट'सारखं अकूस्टिक गाणं येतं, त्याला ब्लूजपेक्षा आयरिश मातीचा वास जास्त. २०२२ मध्ये 'ड्यूस'चा ५० वर्षांचा मोठा बॉक्स सेट आला, तो काही स्वस्त नाही. साधी एक रेकॉर्ड बास झाली.

काका, मी इंजिनिअरिंगला आहे, दोन वर्षं गिटार वाजवतोय. 'आउट ऑन द वेस्टर्न प्लेन' कितीही प्रयत्न केला तरी तसं वाजत नाही. माझं काय चुकतंय? (सांगली)

बाळा, तुझं काही चुकत नाहीये, तुझ्या तारा वेगळ्या लागल्यात. हे गाणं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नाहीच. सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीनच तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर खाली उतरव, बाकीच्या तिघींना हात लावू नकोस. जाडीकडून बारीककडे डी, ए, डी, जी, ए, डी. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्ही ग्रॅहमने हे ट्यूनिंग चालू केलं आणि तिथल्या नि आयर्लंडच्या लोकसंगीतवाल्यांनी ते उचलून धरलं.

आता गंमत बघ, डी ला सा मान. काय झालं? सा, प, सा, म, प, सा. घरात कुणी गाणारं असेल तर लगेच ओळखतील, हे तर तंबोऱ्याचं खातं! ना धड मेजर ना मायनर, मोकळा षड्ज-पंचम घुमत राहतो आणि त्याच्यावर तू काय हवं ते मांड. मूळ गाणं लेडबेलीचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या ब्लूज गायकाचं, आणि तेही काउबॉयवर. ते रोरीने उचललं आणि या ट्यूनिंगमुळे घोडा टेक्सासमध्ये आणि धुकं आयर्लंडमधल्या डोनेगॉलचं असं काही तरी होऊन बसलं. १९७५ च्या 'अगेन्स्ट द ग्रेन'मध्ये आहे. पूर्ण कॉर्ड धरायच्या भानगडीत पडू नकोस, डावी दोन बोटं पुष्कळ झाली, उजव्या अंगठ्याने खालचा सा चालू ठेव. तारा फारच बारीक असतील तर सहावी फडफडेल, एक नंबर जाड घाल. आणि परत वर चढवताना हळू, नाही तर पहिली तुटणार आणि शिव्या मला बसणार.

'फिल्बी' गाण्यात सतार आहे का? आणि हा फिल्बी कोण? (ठाणे)

कान चांगला आहे तुमचा. इलेक्ट्रिक सितार आहे ती, म्हणजे गिटारसारखीच धरायची आणि वाजवायची, फक्त ब्रिज असा की तारेला जवारीसारखी झणझण येते. १९७९ च्या 'टॉप प्रायॉरिटी'मधलं गाणं. किम फिल्बी म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर खात्यात बसून वर्षानुवर्षं रशियासाठी काम करणारा डबल एजंट, १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला, १९८८ मध्ये तिथेच वारला. रोरीला हेरगिरीच्या नि डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचं भयंकर वेड, 'सीक्रेट एजंट', 'क्लोक अँड डॅगर', 'कॉन्टिनेंटल ऑप' ही गाण्यांची नावंच बघा, यातलं शेवटचं तर डॅशिएल हॅमेट या लेखकाच्या डिटेक्टिव्हवरूनच आहे. गाण्यात रोरी स्वतःला फिल्बीशी जोडतो. सतत परक्या गावात, सतत बॅग भरलेली, खरं कुणालाच सांगायचं नाही. दौऱ्यावर जगणाऱ्या माणसाला हेर जवळचा वाटला तर नवल नाही.

आता सतार का? ते रोरीने ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, पण फिल्बीचा जन्म आपल्याकडचा, अंबाल्याचा, १९१२ चा, बाप पंजाबात आयसीएस. आणि 'किम' हे टोपणनाव किपलिंगच्या कादंबरीतल्या पोरावरून, आणि तो किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. म्हणजे आयर्लंडच्या गाण्यातला धागा ओढत गेलं की आपण थेट व्हीटीच्या बाजूला येऊन उभे! सतार शोभते एवढं नक्की.

क्लॅप्टन, जिमी पेज सगळ्यांना माहीत, रोरी का नाही? नशीब खराब की कंपनीने दाबला? (औरंगाबाद)

कुणी दाबला नाही हो. तो स्वतःच नाही म्हणत गेला. सिंगल काढायला नाही. त्याचं म्हणणं गाणी अल्बमची असतात, एकटी सुटी करून विकायची नसतात. १९७१ साली 'मेलडी मेकर' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला त्या वर्षीचा अव्वल गिटारवाला निवडलं, क्लॅप्टनला मागे टाकून, तरी हा आपला चौकड्यांच्या शर्टात आणि रंग उडालेल्या गिटारवर. जानेवारी १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सनी रॉटरडॅमला बोलावलं, त्यांचा गिटारवाला मिक टेलर सोडून गेला होता त्याच्या जागेसाठी. गेला, वाजवलं, आणि मग जपानचा स्वतःचा दौरा ठरलेला होता म्हणून विमान पकडून निघून गेला. दुसरा असता तर जपानला ताप आला म्हणून कळवलं असतं.

आणि सगळ्यात कडक नकार १९७८ चा. सॅन फ्रान्सिस्कोत अख्खा अल्बम तयार झालेला, प्रोड्यूसर इलियट मेझर, नील यंगचा 'हार्वेस्ट' अल्बम करणारा, म्हणजे साधासुधा माणूस नाही. रोरीला मिक्स आवडेना. त्याच मुक्कामात तो तिथल्या विंटरलँड हॉलला सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा शेवटचा शो बघून आला, तीन कॉर्ड, नुसता जाळ, आणि इकडे आपला अल्बम चकाचक पॉलिश केलेला. अल्बम रद्द. भाऊ डोनल मॅनेजर होता, कंपनीला तोंड त्याने द्यायचं. मग बँडही बदलला, पियानो गेला, ड्रम्सवर टेड मॅकेना आला, परत तिघांचा बँड, आणि जर्मनीत कोलोनजवळ जाऊन त्यातलीच बरीच गाणी नव्याने ठोकून काढली. तो 'फोटो-फिनिश'. रद्द केलेल्या टेप २०११ मध्ये 'नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को' म्हणून आल्या. दोन्हीकडचं 'ओव्हरनाइट बॅग' ऐका आणि तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर मेझरवालं काही वाईट नव्हतं. पण 'शॅडो प्ले' मेझरच्या टेपमध्ये नाही, ते 'फोटो-फिनिश'मध्ये आहे, आणि त्या एका गाण्यासाठी मी सगळं माफ केलंय.

८० नंतरचे अल्बम ऐकावेत का? (पणजी)

'जिंक्स' मला अजून पटला नाही, 'बिग गन्स' आणि अजून एखादं सोडून. मग पाच वर्षं काहीच नाही, आणि 'डिफेंडर'. हा स्वतःच्या 'कॅपो' लेबलवर. 'लोनशार्क ब्लूज' ऐकाच, सावकाराच्या तावडीत सापडलेल्या माणसाची गोष्ट आहे, आपल्याकडे वेगळी समजवायला नको.

'फ्रेश एव्हिडन्स' मात्र शांतपणे ऐका, रात्री. माउथ ऑर्गनवर मार्क फेल्टम, एका गाण्यात अकॉर्डियन, ते लुइझियानाच्या अकॉर्डियनवाल्या क्लिफ्टन शेनिएला सलाम म्हणून. तोवर तब्येत ढासळत होती, विमानाची भीती बसलेली, त्यासाठी गोळ्या, वर दारू. 'वॉकिंग वुंडेड' हे नावच पुरेसं बोलतं. पण गंमत म्हणजे वाजवणं थकलेलं नाही, उलट घाई गेलीय, विशीत जो एका दमात सगळं सांगायचा तो आता दोन सुरांमध्ये थांबतोय. शेवटचा शो १० जानेवारी १९९५ ला, परत रॉटरडॅमलाच. १४ जूनला लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरच्या इन्फेक्शनने लंडनच्या हॉस्पिटलात गेला. ४७ वय.

त्याच्या त्या घासलेल्या गिटारचं पुढे काय झालं? (डोंबिवली)

१९६१ ची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. १९६३ मध्ये कॉर्कच्या क्रॉलीज दुकानातून साधारण १०० पाउंडांना, हप्त्यावर घेतलेली, तेव्हा तो १५ वर्षांचा. घामाने रंग गेला, त्याने परत कधी लावला नाही. मध्ये एकदा डब्लिनला चोरीला गेली आणि मिळालीही. बहुतेक सगळ्या अल्बमवर तीच ऐकताय तुम्ही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला लिलाव झाला, हातोडा ७ लाख पाउंडांवर पडला, आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. काचेच्या पेटीत राहील आता. ३२ वर्षं जिने एक दिवस सुट्टी घेतली नसेल ती.