सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच जातोय. रशियन संगीतकार चायकोव्स्कीची सहावी सिम्फनी आहे. टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचे, हात पूर्ण खाली आल्यावर. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं ठेवा. कारण नेमकी हीच सिम्फनी नवख्या माणसाला हमखास फसवते. मीही फसलोय.

सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना. हिचे चार भाग, साधारण पाऊण तास. तिसरा भाग मार्चच्या ठेक्यात चढत जातो आणि झांजा, ड्रम, ट्रम्पेट सगळे मिळून असा दणका देतात की वाटतं, संपलं! मुंबईत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी जोरात टाळ्या पिटल्या. पुढच्या रांगेतल्या पारशी आजींनी मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. कंडक्टर पाठमोरा, हात वरच. आपल्याकडे समेवर वाहवा दिली की गवई खुलतो. इथे सगळी दाद शेवटपर्यंत साठवून ठेवायची. खरं तर एकोणिसाव्या शतकात लोक दोन भागांच्या मध्येही खुशाल टाळ्या वाजवायचे, हे मला नंतर कळलं. पण आजींना कोण सांगणार?

खरा शेवट चौथ्या भागात, आणि तो अतिशय संथ. त्याची सुरुवात कान देऊन ऐका. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या गटांनी चालीतले सूर आलटून पालटून वाटून घेतलेत. पूर्ण चाल कुठलाच गट वाजवत नाही, ती फक्त आपल्या कानात जुळते. शेवटी चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं विझत जातात. २८ ऑक्टोबर १८९३ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्स्कीने ही स्वतः सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. त्यावरून लोकांनी काय काय रचलंय, ते सोडा.

शास्त्रीय ऐकत असाल तर दुसऱ्या भागात गंमत आहे. वाटतो वॉल्ट्झ (तीन मात्रांचा युरोपीय नाच), पण चालतो पाच मात्रांत, दोन अधिक तीन. मांडीवर हळूच 'धी ना, धी धी ना' धरून बघा, झपतालाचं अर्धं आवर्तन बसतं.

आणि हो, खोकल्याच्या गोळीचा कागद आधीच काढून ठेवा. पहिल्या भागाच्या मध्यावर संगीत इतकं हळू होतं (नोटेशनमध्ये 'हळू'ची खूण ओळीने सहा वेळा आहे) की तो कागद अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल. लगेच पुढच्या क्षणी सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो. माझ्या शेजारच्या बाईंची पर्स मांडीवरून खाली पडली होती.